आमच्या घरचे दोन मल्ल

गेल्या दिवाळीच्या आधीं पंधरा दिवस, रात्रीं दहाच्या सुमारास, अकोल्याहून आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. इतक्या अवेळीं माहेरीं फोन करण्याची तिची चाल नाहीं. त्यामुळें तो उचलण्यापूर्वींच घरांतील सर्व मंडळी आमच्याभोंवतीं जमली. सुदैवानें कोणी आजारी नव्हतें. "दादा, तुमच्या पुतण्यानें माझ्या मुलाला लुटलें. भाऊबीजेला त्याला घेऊन येऊं नका," एवढें बोलून तिनें फोन ठेवला.

पुतण्या त्या वेळीं अमरावतीस, आमच्याच घरांत, माडीवरच्या खोलींत बसलेला होता. भाचा अकोल्यास. दोघांमध्यें शंभरएक किलोमीटरांचें अंतर. (ह्याच दोन शहरांमधील महामार्गावर २०२२ च्या जून महिन्यांत ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून गिनीजच्या पुस्तकांत नांव नोंदविण्यांत आलें, परंतु आमचा पुतण्या त्या सर्व यंत्रांहूनहि जलद अकोल्यास जाऊन परत आला होता असें दिसतें.)

लूट झाली ती एका ऑनलाइन खेळांत. खेळाचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. त्या जातीचे खेळ पुष्कळ आहेत, आणि आमची तक्रार खेळाविषयीं नाहीं. भाचा चौदा वर्षांचा, नववींत शिकणारा. पुतण्या एकोणीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत. भाच्यानें मे महिन्याच्या सुटीपासून रोज तासभर त्या काल्पनिक जगांतील खाणींत राबून एक चिलखत, एक तलवार व एक घोडा एवढी मालमत्ता जमविली होती. त्या जगांत एक मुलूख असा आहे कीं तेथें कोणीहि कोणावर हल्ला करावा, आणि जो पडेल त्याच्या अंगावरचें सर्व कांहीं जिंकणाराचें व्हावें. त्या मुलखांत पुतण्यानें भाच्यावर वार केला व चिलखत, तलवार, घोडा, सर्व घेतलें. भाचा त्या रात्रीं जेवला नाहीं.

पुतण्याला खालीं बोलावून विचारलें तेव्हां तो म्हणाला, "काका, ही चोरी नव्हे. सीमेवर स्पष्ट सूचना असते कीं पुढें लूट होऊं शकते. ती वाचूनच तो आंत आला. नियमाबाहेर मी कांहीं केलें असेल तर सांगा." आमच्या मातोश्रींनीं दोन्ही नातवांचे मोबाईल विहिरींत टाकावे असा तात्काळ निकाल दिला, परंतु वाड्यांतील विहीर बुजवून तीस वर्षें झालीं असल्यामुळें त्याची अंमलबजावणी होऊं शकली नाहीं. शेवटीं पंच म्हणून आमची नेमणूक झाली. पंचाला कायदा ठाऊक हवा, म्हणून आठ-दहा दिवस आम्हीं ह्या खेळांचा अभ्यास केला. शिकविलें पुतण्यानेंच. आरोपीनें न्यायाधीशाला कायदा पढवावा ही गोष्ट चमत्कारिक खरी, पण घरांत दुसरा वकील नव्हता. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं माडीवरचें दार रात्रीं लोटलेलें असतें, आणि त्यामागें काय चाललें आहे हें विचारण्याचें त्यांस धैर्य होत नाहीं. म्हणून त्या अभ्यासाचा गोषवारा येथें देतों.

हे खेळ म्हणजे हजारों माणसें एकाच वेळीं वावरतात अशीं काल्पनिक जगें. प्रत्येकानें एक पात्र घ्यावें, त्याला कष्टानें वाढवावें, शस्त्रें मिळवावीं, व्यापार करावा. यंत्रानें चालविलेल्या राक्षसांशीं लढणें हा त्यांतला एक भाग. खेळाडूनें खेळाडूशीं लढणें हा दुसरा. मुलें ह्या दुसऱ्यास 'पीव्हीपी' म्हणतात. राक्षसांशीं होणारी लढाई सगळ्या खेळांत थोडीबहुत सारखीच असते, असें आम्हांस दिसलें. माणसामाणसांची लढाई मात्र प्रत्येक जगांत निराळी, आणि त्या त्या जगाची नीति तिच्यावरूनच ओळखावी.

आमचें माप अर्थातच आखाड्याचें. अमरावतींत वाढलेल्या माणसाचें तें दुसरें असणार कसें? वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं येथें लावलेल्या रोपट्याचें पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले त्या वेळीं मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन कबड्डी, मल्लखांब आदि देशी खेळ करून दाखविले. आणि ही हकीकत येथील मुलांच्या कानांवर भाकरीबरोबर पडत आलेली आहे. आम्ही स्वतः मल्ल नव्हतों. शीर्षक वाचून कोणाचा तसा समज व्हावयास नको. पण घराजवळच्या एका लहान आखाड्यांत दोन वर्षें माती अंगाला लावली होती. तेथें जोड वस्ताद लावीत. वय, वजन, तयारी पाहिल्यावांचून कोणाला कोणाच्या अंगावर सोडीत नसत. जो पडेल त्याची मानहानि होई खरी, पण त्याची लंगोट, त्याचा खुराक, त्याचे महिनाभराचे जोर-बैठका कोणी घेऊन जात नसे. आणि पडलेल्याच्या पाठीची माती जिंकलेल्यानें स्वतःच्या हातानें झटकावयाची, हा वस्तादांचा दंडक. जो झटकीत नसे त्याला दुसऱ्या दिवशीं हौद खणावा लागे.

हें माप घेऊन आम्ही निघालों, आणि पहिल्याच पावलास अडखळलों. ह्या जातीच्या खेळांचा मूळपुरुष १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत जन्मला. रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्यानें तो आरंभिला व रिचर्ड बार्टल ह्या दुसऱ्यानें तडीस नेला. चित्रें नाहींत, नुसते शब्द. 'उत्तरेस जा', 'तलवार उचल' असें लिहावयाचें आणि काय घडलें तें वाचावयाचें. त्या खेळांत दुसऱ्या खेळाडूशीं लढतांना मेलेल्याचें पात्रच नष्ट होई. महिन्यामहिन्यांची कमाई एका रात्रींत शून्य! म्हणजे लूट पुढें शिरलेली विकृति नसून ह्या कुळाच्या जन्मापासूनच त्याच्या रक्तांत आहे.

ह्याच बार्टलनें पुढें १९९६ सालीं एक निबंध लिहिला, आणि त्यांत खेळाडूंचे पत्त्यांच्या चार रंगांवरून चार वर्ग पाडले. ज्यांना जमविण्याची, वरची पायरी गांठण्याची हौस ते चौकट. ज्यांना कानाकोपरा धुंडाळण्याची हौस ते इस्पिक. कारण इंग्रजींत इस्पिकाचा जो शब्द त्याचाच अर्थ फावडें. ज्यांना माणसांची संगत हवी ते बदाम. आणि ज्यांना दुसऱ्याच्या टाळक्यांत हाणल्याशिवाय करमत नाहीं ते किलवर. किलवराच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सोटा. किलवर फार माजले कीं चौकट व बदाम ते जग सोडून जातात, असें त्याचें निदान आहे. पत्ते कुटण्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्या पिढीला हें वर्गीकरण तात्काळ पटतें. आमचा भाचा चौकट. त्याची आई बदाम, जरी तिनें हातांत तो खेळ कधीं धरलेला नाहीं. आणि पुतण्या कोणता हें सांगावयास नको.

बार्टलच्या निदानाचा मोठा पुरावा म्हणजे १९९७ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत निघालेला 'अल्टिमा ऑनलाइन'. त्याच्या कर्त्यांनीं लोकांना जवळजवळ पूर्ण स्वातंत्र्य दिलें. चांगले नागरिक एकत्र येऊन दुष्टांचा बंदोबस्त करतील अशी त्यांची भाबडी अपेक्षा होती. झालें असें कीं शहराच्या तटाबाहेर लुटारू दबा धरून बसत, आणि नवखा मनुष्य लाकडें तोडावयास बाहेर पडला कीं त्याला मारून कुऱ्हाडीसकट सर्व घेत. पहाऱ्याचें संरक्षण गांवापुरतें. खुनी माणसाचें नांव तांबड्या अक्षरांत दिसूं लागे, पण तांबड्या नांवाची लाज वाटण्याऐवजीं अनेकांस त्याचा अभिमान वाटूं लागला. अधिकृत आरंभाच्या अगोदर, ऑगस्टांत, चांचणीच्या दिवसांत तर मुख्य कर्ता रिचर्ड गॅरिअट हा राजाच्या वेषांत प्रजेस दर्शन द्यावयास आला असतां एका खेळाडूनें मंत्राग्नि टाकून राजालाच जाळला! राजाचें पात्र अवध्य असावयाचें, पण सर्व्हर बंद पडून पुन्हां सुरू झाल्यावर ती खूण लावावयाची राहून गेली होती. कर्त्यांना शेवटीं हार खावी लागली. २००० सालीं त्यांनीं त्याच भूमीची दुसरी हुबेहूब प्रत केली. जुन्या प्रतींत पूर्वीप्रमाणेंच मारामारी. नवींत संमतीवांचून कोणी कोणास हात लावावयाचा नाहीं. लोकांची वर्दळ नव्या प्रतीकडे वळली. जुने खेळाडू मात्र आजहि हळहळतात कीं लांडगे गेले आणि त्यांच्याबरोबर रानहि गेलें. वाट चुकण्याची भीति नाहीं तर घरीं सुखरूप पोंचण्याचा आनंद तरी कोठून असणार? त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आमच्या आखाड्याशीं सर्वांत जवळचा नियम आम्हांस सांपडला तो 'रूनस्केप' नांवाच्या, २००१ सालीं निघालेल्या इंग्रजी खेळांत. तेथें उत्तरेकडे एक ओसाड रान आहे. त्यांत जसजसें खोल जावें तसतसा एक आंकडा वाढत जातो, आणि तो आंकडा म्हणजे दोन लढणारांच्या युद्धपातळींत चालणारा फरक. सीमेपासून पांचाच्या रेषेवर उभें असलें तर आपल्याहून पांच पायऱ्या वर किंवा खालीं असलेलाच हल्ला करूं शकतो. तीसच्या रेषेवर गेलें तर तीस पायऱ्या वरचाहि. वस्तादाची नजर त्यांनीं नकाशावरच आंखून ठेविली आहे. किती विषम जोडीशीं झुंजावयाचें तें आपल्या पावलांनींच ठरवावें. शिवाय मेलेल्याजवळ त्याच्या सर्वांत मौल्यवान तीन वस्तु राहतात. मात्र ज्यानें स्वतः होऊन हल्ला आरंभिला त्याच्या डोक्यावर कवटीची खूण उमटते, आणि तो पडला तर त्या तीनहि जातात. आततायी व आत्मरक्षक ह्यांच्यांत असा भेद करणारा नियम पाहून आम्हांस फार समाधान वाटलें. २००७ च्या डिसेंबरांत चालकांनीं ह्या रानांतील लढाई बंद केली. कारण खऱ्या पैशांनीं खेळांतील सोनें विकणारांचा सुळसुळाट झाला होता. खेळाडूंनीं इतका आरडाओरडा केला कीं पुढें मत घेण्यांत येऊन २०११ च्या फेब्रुवारींत ती पुन्हां सुरू झाली.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) ह्या फार गाजलेल्या खेळाविषयीं लिहिण्यासारखें आम्हांस थोडें वाटतें. दोन पक्ष कायमचे हाडवैरी, एकाची भाषा दुसऱ्यास कळूं नये अशी योजना; पण मेलें तरी नुकसान वेळेचें, भूत होऊन आपल्या प्रेतापर्यंत चालत जावें कीं पुन्हां जिवंत. २०१८ पासून तर लढाईची इच्छा असणारानें एक कळ दाबून ती जाहीर करावयाची. सोयीचें आहे, सोईपलीकडे कांहीं नाहीं. 'गिल्ड वॉर्स' (२००५) ह्यानें मात्र खरी जोड लावली. त्याच्या दंगलींत उतरणारास पहिल्याच दिवशीं पूर्ण वाढलेलें पात्र घेतां येतें, आणि आठांविरुद्ध आठ अशा टोळ्यांच्या लढाईंत महिनोन्‌महिने जमविलेल्या शस्त्रांपेक्षां डावपेंच व एकमेकांवरचा विश्वास ह्यांना मोल येतें. बर्लिनच्या एका मंडळीनें २०१७ सालीं काढलेल्या 'अल्बियन ऑनलाइन'मध्यें मुलूख रंगांनींच वांटले आहेत. निळ्यांत अभय, पिवळ्यांत पडलेला फक्त मूर्च्छित होतो, तांबड्यांत व काळ्यांत सर्वस्व जातें. रस्त्यांवरच्या दिव्यांसारखी ही सोय आहे. आमच्या पुतण्याची 'सीमेवरची सूचना' ती हीच जात.

आतां ज्या प्रकरणानें आमचें माप मोडलें तें सांगतों. दक्षिण कोरियांत 'लिनेज' नांवाचा खेळ १९९८ पासून लोकप्रिय होता. त्याचा दुसरा अवतार २००३ सालचा. ह्यांत किल्ले आहेत. जी टोळी किल्ला जिंकील तिनें भोंवतालच्या बाजारावर कर बसवावा, असा नियम. 'बार्त्स' नांवाच्या सर्व्हरवर एका बलाढ्य टोळीनें आपल्या दोस्तांसह किल्ले बळकावले, कर वाढविले, आणि शिकारीचीं चांगलीं रानें इतरांस बंद केलीं. कोणी तोंड वर केलें कीं ठार. सारें नियमांतच होतें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें; चालकांनीं मध्यें पडावें असें कांहीं घडलें नव्हतें. २००४ सालीं कांहीं टोळ्यांनीं बंड केलें. बंडवाल्यांस सामर्थ्य कमी पडूं लागलें तेव्हां हलक्या पातळीचे, ज्यांना वर्षभर कोणी विचारीत नव्हतें असे खेळाडू झुंडींनीं धांवून आले. त्यांच्याजवळ चिलखतें नव्हतीं. आंतल्या कपड्यांनिशींच ते रणांत उतरले, आणि कोरियन लोकांनीं त्यांना तसेंच नांव दिलें. आपण त्यांना बनियन-पलटण म्हणूं. दुसऱ्या सर्व्हरवरचे लोकसुद्धां तेथें नवीं पात्रें घेऊन मदतीस आले. एकटा बनियनवाला एका फटक्यांत मरे; पण तो पुन्हां उठून येई, आणि असे शेंकडों येत. ज्याच्या अंगावर लुटण्यासारखें कांहीं नाहीं त्याला लुटीची भीति काय घालावी? जुलमी टोळीचे किल्ले पडले.

पुढची हकीकत आम्हां मराठी माणसांना अनोळखी वाटणार नाहीं. किल्ले हातीं आल्यावर विजयी दोस्तांत वांटणीवरून भांडणें लागलीं. बनियन-पलटण कंटाळून पांगली. आणि जुनी टोळी परत सत्तेवर आली. झगडा त्यानंतरहि कांहीं वर्षें धुमसत राहिला. तरीहि तो उठाव कोरियांत लोक अजून विसरलेले नाहींत. आमच्या वस्तादांनीं अशी जोड कधींच लावली नसती. पण लावावयास वस्तादच नसला तर दुबळ्यांनीं आपल्या संख्येनें जोड बरोबर करावी, हेंहि एक मल्लविद्येचेंच अंग आहे, हें आम्हांस त्या रात्रीं माडीवर बसून प्रथम उमगलें. पुतण्या ही गोष्ट सांगतांना इतका रंगला होता कीं स्वतः तो कोणत्या बाजूचा, हें त्याला विचारण्याचा मोह आम्हीं मोठ्या कष्टानें आंवरला.

आइसलंडांतील मंडळींनीं २००३ सालीं काढलेला 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळांतील व्यापाराचा व युद्धाचा खेळ. ह्यांत फुटलेलें जहाज कायमचें गेलें. २०१४ च्या २७ जानेवारीस एका टोळीकडून आपल्या तळाच्या मुलखाचें भाडें भरावयाचें राहिलें, आणि तेवढ्या कारणावरून जी लढाई जुंपली ती एकवीस तास चालली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तींत गुंतले. सर्वांत मोठ्या जातीचीं ७५ जहाजें फुटलीं, आणि एकंदर नुकसानीची किंमत खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरांच्या घरांत काढण्यांत आली. गर्दी इतकी कीं संगणकाला हिशेब झेपेना. तेव्हां त्या जगांतला काळच एक-दशमांश वेगानें चालविण्यांत आला. विजेचें वा पाण्याचें बिल भरावयास विसरणाऱ्या गृहस्थांनीं हा प्रसंग आपल्या पत्नींस अवश्य सांगावा.

परंतु आमच्या खटल्याच्या दृष्टीनें त्याच खेळांतील दुसरी एक घटना अधिक महत्त्वाची ठरली. २००५ सालीं भाडोत्री मारेकऱ्यांच्या एका टोळीनें दुसऱ्या एका मोठ्या मंडळीची अशी वाट लावली: सुमारें वर्षभर टोळीचे हस्तक त्या मंडळींत नोकर म्हणून शिरले, विश्वास संपादून वरच्या जागांवर चढले, किल्ल्या हातीं आल्या, आणि ठरलेल्या दिवशीं एकाच वेळीं सर्व कोठारें धुवून मुख्याधिकारी स्त्रीचें जहाज तिच्याच विश्वासू सोबत्यांनीं फोडलें. चालकांनीं मारेकऱ्यांस शिक्षा केली नाहीं. विश्वासघात हा त्या जगांतला मान्य डाव आहे. तेथें पाऊल टाकणारानें हें समजूनच टाकावयाचें. पुतण्यानें ही कथा आम्हांस विजयी मुद्रेनें सांगितली. "आतां सांगा काका, माझा गुन्हा काय?"

त्याचें उत्तर देण्यापूर्वीं पैशाविषयीं दोन शब्द, कारण आमच्या बहिणीची पहिली शंका 'हा जुगार तर नव्हे ना?' अशी होती. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून बंदी घातली. चढाओढीच्या ई-क्रीडांना त्याच कायद्यानें मान्यता दिली. मुलांचा खेळ जुगारांत बसत नाहीं. आम्हांस तिटकारा आहे तो निराळ्या प्रकाराचा: कांहीं खेळांत रोख रुपये मोजून अधिक धारेची तलवार विकत घेतां येते, आणि मग ज्याचा बाप धनिक तो मल्ल. वस्तादानें पैसे खाऊन जोड लावावी तसें हें आहे. लूट त्यापेक्षां पुष्कळ बरी. लुटणारास निदान रात्रभर जागावें तरी लागतें.

आतां निकाल. खेळाच्या नियमांनीं पाहिलें तर पुतण्या निर्दोष होता, आणि तसें आम्हीं त्याला स्पष्ट सांगितलें. मग आम्हीं त्याला एक प्रश्न विचारला. पांच महिने जो मुलगा भीतीनें त्या मुलखाकडे फिरकला नव्हता, तो त्या दिवशीं तेथें गेला कसा? पुतण्या गप्प बसला. आमच्या बहिणीनें स्वयंपाकघरांतून ऐकलेलें संभाषण आम्हांस ठाऊक होतें. पुतण्यानें संध्याकाळीं फोन करून म्हटलें होतें, "चल रे, मी आहे ना बरोबर. कोणी आलें तर मी बघतों." ईव्हमधले हेर मुखवटा घालून आले, परक्यांशीं बोलले, त्यांचें नातें त्या जगांतच जन्मलें व तेथेंच संपलें. हा शब्द मात्र खेळांतल्या पात्रानें खेळांतल्या पात्राला दिलेला नव्हता. तो दादानें धाकट्या भावाला दिलेला, घरच्या फोनवर दिलेला. त्याला तारण होतें तें भाच्याच्या बारशापासूनच्या नात्याचें. तें तारण उचलून खेळांत लावण्याची मुभा आम्हीं अभ्यासिलेल्या एकाहि खेळाच्या नियमांत आम्हांस सांपडली नाहीं, असें आम्हीं त्याला सांगितलें.

बहिणीलाहि आम्हीं फोन करून सांगितलें कीं खेळांतल्या तलवारीसाठीं भाऊबीजेचें ताट अडवून ठेवणें हीहि त्याच जातीची चूक आहे. तें तिला आवडलें नाहीं. आजहि आवडलेलें नाहीं.

पुतण्या बराच वेळ खालीं पाहत राहिला, आणि मग जें बोलला त्याची आम्हांस कल्पना नव्हती. त्यानें तें गंमत म्हणून केलें होतें. भाच्याला थोडें रडवून, दुसऱ्या दिवशीं सारें परत द्यावयाचें, असा बेत होता. परंतु लूट घेऊन परततांना वाटेंतच चौघांच्या टोळीनें त्याला गांठलें आणि भाच्याची तलवार, चिलखत, घोडा, शिवाय स्वतःचेंहि सर्व घालवून तो बसला होता. परत देण्यासारखें त्याच्याजवळ कांहींच उरलें नव्हतें. ही गोष्ट कबूल करण्यापेक्षां नियमांच्या आड उभें राहणें त्याला सोपें वाटलें. पंधरा दिवस तो त्या आडोशास उभा होता.

आम्हीं शिक्षा एवढीच दिली कीं हें जें आम्हांस सांगितलेंस तें अकोल्यास जाऊन त्याला सांग, फोनवर नव्हे. भाऊबीजेच्या आदल्या दिवशीं तो बडनेऱ्याहून गाडीनें एकटाच गेला. भाच्यानें अर्धा तास खोलीचें दार उघडलें नाहीं, आणि पुतण्या बाहेर जमिनीवर बसून दाराशीं बोलत होता, असें बहिणीकडून मागाहून कळलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही सर्व पोंचलों तेव्हां दोघे गच्चीवर होते. पुतण्यानें आपल्या शिकवणीच्या पैशांतून तसलीच तलवार त्याच जगांतल्या बाजारांतून मिळवून देण्याची तयारी दाखविली होती, पण भाच्यानें ती नाकारली. त्याची मागणी निराळी होती: पांच महिने, रोज तासभर, दादानें त्याच्याबरोबर खाणींत खणावें.

ती मुदत अजून संपलेली नाहीं. रोज रात्रीं नवाच्या ठोक्याला माडीवरून कुदळीचा ठक् ठक् आवाज येतो. परीक्षेच्या आठवड्यांतसुद्धां एक दिवस चुकला नाहीं, ही गोष्ट त्याच्या अभ्यासाविषयीं म्हणतां येत नाहीं. परवां आम्ही पाण्याचा तांब्या घेऊन वर गेलों तेव्हां भाच्याचा आवाज मोबाईलमधून येत होता. नवी तलवार झाली होती, आणि त्याला पुन्हां त्या मुलखांत जावयाचें होतें.

"पण दादा," तो म्हणत होता, "ह्या वेळीं तूं पुढें चाल. मी मागून येतों."